परक्या संगणकासमोर बसताना



गहू-हरभऱ्याची मळणी उरकली, चार पैसे हाती आले, की आपल्याकडे यात्रेची बोलणी सुरू होतात. कुणी काशी-प्रयाग धरतो, कुणी तिरुपती, तर कुणी गावातली वीस-पंचवीस माणसे जमवून गाडी ठरवतो आणि अष्टविनायक करून येतो. पूर्वी निघताना घरधनी शेजाऱ्याला सांगे, "बाबा, जनावरांकडे बघ, पाण्याची पाळी चुकवू नको," आणि परत येईपर्यंत घराची काळजी देवावर सोपवी. आता खिशात फोन आला. चालत्या गाडीतून विहिरीवरची मोटार सुरू करता येते, बाजारभाव कळतो, नातवाचे बोबडे बोल ऐकू येतात. मग परमुलखात सायबर कॅफेची किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाची पायरी चढायचे कारण काय, असे कुणीही विचारील.

कारणे पुष्कळ निघतात. धर्मशाळेचा व्यवस्थापक आधार कार्डाची छापील प्रत मागतो. कॅमेऱ्याचे कार्ड भरते आणि पुढचे दोन मुक्काम अजून बाकी असतात. घरून वकिलांचा निरोप येतो की सातबारा आजच्या आज पाठवा. आणि सर्वांत वाईट म्हणजे घाटावरच्या गर्दीत फोनच जातो. अशा वेळी परका संगणक हा आधार आहे, यात शंका नाही. म्हणून त्याला नावे ठेवायला हे लिहीत नाही. तिथून उठताना आपले काय काय मागे राहते, ते मात्र नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्या शेतकरी घराला संगणक प्रथम भेटला तोच मुळी सार्वजनिक संगणक म्हणून. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात सुमारे सत्तर गावांत संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. उसाची नोंद, तोडीची परवानगी, बिलाचा हिशेब यांसाठी कारखान्यावर मारावी लागणारी खेप वाचावी, हा हेतू. पुढे सेतू आले, महा-ई-सेवा केंद्रे आली, आपले सरकार केंद्रे आली. या सगळ्यांत कळा दाबणार तो केंद्रातला मुलगा आणि आपण समोर बसून नाव, गट नंबर सांगणार, अशी आपली सवय पडली. कागद टेबलावर ठेवायचे, अंगठा द्यायचा आणि फोनवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवायचा. गावातला केंद्रचालक आपल्या माहितीचा असतो, त्याचे घरदार आपल्याला ठाऊक असते. तिथे हे निभावून जाते. तीच सवय घेऊन आपण परक्या शहरात, पुन्हा कधी तोंड न दिसणाऱ्या माणसापुढे बसतो, तेव्हा घोटाळा होतो.

एका परिचित कुटुंबाची हकीकत सांगतो. नावगाव सांगत नाही. हे लोक देवदर्शनाला गेले असता दर्शनाचे फोटो तिथेच छापून घ्यावेत, असे त्यांच्या मनात आले. दुकानदार म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅपच संगणकाला जोडा, म्हणजे हवे ते फोटो निवडता येतील. त्यांनी फोनने पडद्यावरचा चौकोनी ठिपक्यांचा कोड टिपला, फोटो निवडले, छापून घेतले, पैसे दिले आणि गाडीत बसले. आठ-दहा दिवसांनी त्यांच्या मेहुण्याला त्यांच्याच नंबरवरून निरोप आला की अडचणीत आहे, दहा हजार लगेच पाठव. मेहुणा शहाणा. त्याने आधी फोन लावून विचारले, म्हणून पैसे वाचले. पण तोवर त्या घरातल्या मुलीच्या लग्नाची बोलणी, देण्याघेण्याचा हिशेब, वहिनीच्या दवाखान्याचे कागद, सारे काही कुण्या परक्याच्या डोळ्यांखालून गेलेले होते. ते वाचले ते कुठले?

हे कसे घडते ते पाहा. व्हॉट्सअ‍ॅप संगणकावर चालवण्याची सोय २०१५ साली निघाली. तेव्हा फोन बंद पडला की संगणकावरचे कामही थांबे. २०२१ पासून रीत बदलली. आता एकदा जोडलेला संगणक तुमचा फोन बंद असला, शेकडो कोस दूर असला, तरी तुमचे निरोप घेतच राहतो. फोन चौदा दिवस अजिबात वापरला नाही, तर ती जोडणी आपोआप तुटते. आणि फोन तर आपण रोजच वापरतो! म्हणजे दुकानातून उठताना तुम्ही जोडणी तोडली नाहीत, तर ती आपण होऊन तुटेल अशी आशा धरू नका. तोडायची रीत सोपी आहे. आपल्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडा, वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत ते दाबा, त्यात 'लिंक्ड डिव्हायसेस' किंवा मराठीत त्याच अर्थाची ओळ दिसेल. तिथे जोडलेल्या संगणकांची यादी असते. अनोळखी नावावर बोट ठेवून 'लॉग आउट' करा. हा अंक हाती असतानाच एकदा पाहून घ्या. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा दुकानात छापलेल्या फॉर्माची जोडणी अजून तिथे बसलेली निघाली, तर नवल वाटून घेऊ नका.

गुगलच्या खात्याचेही असेच. ज्या संगणकावर ते उघडले, त्यावर 'साइन आउट' केल्याशिवाय उठायचे नाही. विसरलातच, तर आपल्या फोनवरून खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन तुमची डिव्हाइस कोणकोणती ते बघता येते आणि दूर राहिलेल्या संगणकावरचे खाते इथून बंद करता येते. नुसती खिडकी मिटणे म्हणजे खाते बंद करणे नव्हे. दार ओढून घेतले, पण कडी लावली नाही, तशातला तो प्रकार.

शिकलेली मुले सांगतात की 'इन्कॉग्निटो' खिडकी उघडा, म्हणजे काही मागे राहत नाही. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या तीन कळा एकदम दाबल्या की ती काळसर खिडकी उघडते. ती जरूर वापरा; तिच्या सगळ्या खिडक्या मिटल्या की आपण पाहिलेली पाने आणि उघडलेली खाती त्या संगणकाच्या स्मरणात राहत नाहीत. पण तिच्याकडून नको ती अपेक्षा धरू नका. त्या खिडकीतून उतरवून घेतलेला कागद किंवा फोटो संगणकाच्या 'डाउनलोड्स' या कप्प्यात तसाच पडून राहतो. शिवाय पासवर्ड टिपणारा चोर तिथे बसला असेल, तर त्याला ही खिडकी अडवू शकत नाही.

हा चोर म्हणजे माणूस नव्हे. दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप लिहून ठेवणारे प्रोग्रॅम असतात. त्यांना की-लॉगर म्हणतात. काही ठिकाणी कीबोर्डची वायर आणि संगणक यांच्यामध्ये अंगठ्याच्या पेराएवढी वस्तूही बसवलेली असते आणि ती हेच काम करते. दुकानदार सज्जन असला तरी काल येऊन गेलेल्या गिऱ्हाइकाने काय करून ठेवले, हे त्यालाही ठाऊक नसते. त्यामुळे माझे मत अगदी स्पष्ट आहे: बँकेचा व्यवहार परक्या संगणकावर करायचाच नाही. कितीही निकड असो, बरोबरच्या भरवशाच्या माणसाचा फोन मागून घ्या, शाखेत जा, घरी मुलाला फोन करून त्याच्याकडून करवून घ्या. पण बँकेचा पासवर्ड त्या कळांवर उमटता कामा नये. ईमेलचा पासवर्ड टाकावाच लागला, तर आपल्या फोनवरून तो त्याच दिवशी बदला.

सायबर कॅफेसाठी सरकारने २०११ साली नियम केले आहेत. त्यांप्रमाणे गिऱ्हाइकाचे ओळखपत्र पाहायचे, त्याचे नाव-पत्ता, कोणत्या संगणकावर बसला, केव्हा बसला आणि केव्हा उठला, हे वहीत लिहून किमान एक वर्ष जपायचे असते. आडोशाची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नसावी, असेही त्यात आहे. आपल्याकडचे लोक वहीत नाव लिहितात आणि उठल्याची वेळ लिहायचा कंटाळा करतात. तो करू नका. तुमच्या मागून त्याच संगणकावर बसलेल्या कुणी काही उपद्व्याप केला, तर वहीत तुम्हीच अजून बसलेले दिसाल.

आता कागदपत्रांकडे वळू. आधार कार्ड सार्वजनिक संगणकावर उतरवून घेणे टाळा, आणि घेतलेच तर सर्व प्रती पुसून टाका, असे आधारच्या प्राधिकरणाने स्वतःच सांगितलेले आहे. त्यामागचे कारण ध्यानात घ्या. ती फाइल उघडायला जो पासवर्ड लागतो, तो असतो आपल्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. ज्याने तुमचे नाव ऐकले आणि वयाचा अंदाज बांधला, त्याला तो जुळवायला किती वेळ लागणार? तेव्हा प्रत हवीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेले, म्हणजे 'मास्क्ड' आधार घ्या. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. धर्मशाळेच्या नोंदीला पुष्कळ ठिकाणी ते चालते. निघण्यापूर्वी फोन करून विचारून घ्यावे. आणि सर्वांत सोपे म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती गावातूनच छापून पिशवीत टाकाव्यात. रेल्वेच्या ई-तिकिटाला तर छापील कागदाची सक्ती नाही. फोनवरचा संदेश आणि मूळ ओळखपत्र पुरते. आजोबांना कागद हातात असल्याखेरीज चैन पडत नाही, तो भाग वेगळा.

दुकानदाराला फाइल पाठवली आणि कागद छापून झाला, की लगेच उठू नका. त्याला नम्रपणे म्हणा, "दादा, आमची फाइल आमच्यासमोर काढून टाका." तो डाउनलोड्समधून पुसेल. मग 'रिसायकल बिन' नावाची कचऱ्याची टोपली असते, तीही रिकामी करायला सांगा, कारण पुसलेली फाइल आधी त्या टोपलीत जाऊन बसते. ईमेलने पाठवली असेल तर त्याच्या ईमेलमधूनही काढायला सांगा. यात भिडेचे कारण नाही. भाजीवाल्याशी आपण दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो, मग इथेच संकोच कशाला?

फोटोंचा विषय बायाबापड्यांच्या जास्त जिव्हाळ्याचा, आणि नुकसानही तिथेच जास्त झालेले पाहतो. फोटो छापायचे असतील तर अख्खा फोन दुकानाच्या संगणकाला जोडू नये. जोडला की फोन विचारतो, नुसते चार्जिंग करू की फाइली देऊ? फाइली देऊ म्हटले की फोनमधले सगळे फोटो त्या संगणकापुढे उघडे पडतात. लेकीसुनांचे न्हाण-बाळंतपणाचे, घरातल्या कार्यप्रसंगाचे फोटो त्याच फोनमध्ये असतात, हे विसरू नका. त्यापेक्षा फोनला सरळ लागणारा पेनड्राइव्ह मिळतो, ज्याला ओटीजी म्हणतात, तो एक घेऊन ठेवा. छापायचे तेवढेच दहा-वीस फोटो त्यावर घ्या आणि तो दुकानदाराच्या हाती द्या. त्यात दुसरे काहीच नसले म्हणजे मनाला घोर नाही. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधेपणी पाठवून छापू नका. तो आकाराने लहान होऊन जातो व मोठ्या छपाईत फिकट, भुरका दिसतो. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग जसाच्या तसा जातो. चार बाय सहा इंचाच्या चांगल्या छपाईला साधारण १२०० बाय १८०० ठिपक्यांचा फोटो पुरतो. एवढे तर आताच्या साध्या फोनचे फोटोही असतात.

कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करून घेणाऱ्यांनी आणखी जपावे. कार्डाच्या डाव्या कडेला एक इवलीशी खिटी असते. ती 'लॉक'कडे सरकवली, की त्या कार्डावरचे फोटो वाचता येतात, पण सहसा पुसता येत नाहीत आणि त्यावर नवे काही लिहिता येत नाही. फोनमधल्या नखाएवढ्या कार्डाला ती नसते, पण ते ज्या मोठ्या खोक्यात बसवून संगणकात घालतात त्याला असते. दुकानात कार्ड देण्याआधी ती सरकवून ठेवा. दुकानदाराला 'कट' नको, 'कॉपी' कर म्हणावे. कट केल्यावर मधेच वीज गेली, की फोटो इकडेही नाहीत आणि तिकडेही नाहीत, अशी गत होते. कॉपी झाल्यावर पेनड्राइव्हवरचे चार फोटो प्रत्यक्ष उघडून बघा आणि मगच कार्ड पुसा. पेनड्राइव्ह एका पिशवीत, कार्ड दुसऱ्या पिशवीत. एक पिशवी एसटीत राहिली तरी सगळी यात्रा वाहून जात नाही.

सार्वजनिक संगणकातून पेनड्राइव्हला रोगही लागतो. घरी येऊन बघावे तर फोटोंचे कप्पे गायब आणि त्यांच्या जागी बाण असलेली चित्रे! माणसे घाबरतात आणि कुणी सल्ला दिला म्हणून पेनड्राइव्ह 'फॉरमॅट' करून टाकतात. थांबा. या रोगात बहुतेक वेळा फोटो गेलेले नसतात, नुसते लपवलेले असतात. बाणाच्या चित्रावर टिचकी मारू नये. संगणकाच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' दाखवण्याची खूण असते; ती केली की पुष्कळदा ते कप्पे फिकट रंगात दिसतात. जाणत्याकडून फोटो बाहेर काढून घ्यावेत, मग पेनड्राइव्ह स्वच्छ करावा. तसेच कार्डावरचे फोटो चुकून पुसले गेले, तर त्या कार्डावर पुढे एकही नवा फोटो काढू नये. नवे फोटो जुन्यांच्या जागेवर लिहिले जातात; तोवर जाणकाराला जुने परत मिळवता येण्याची बरीच आशा असते.

काही घरांत मुले म्हणतात, एवढी यातायात कशाला, फोटो गुगलवर चढवा. उत्तम सोय आहे, पण मोजून. २०२१ च्या १ जूनपासून तिथे चढवलेले फोटो ईमेल वगैरे धरून मिळणाऱ्या पंधरा जीबीच्या फुकट जागेत मोजले जातात. तेव्हा निघण्यापूर्वी जागा किती उरली ते पाहावे, आणि चढवायचे ते आपल्याच फोनवरून.

आता दुरून संगणक चालवण्याविषयी. दूध संस्थेचा किंवा दुकानाचा हिशेब घरच्या संगणकावर ठेवणारे आपले वाचक आहेत. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोम रिमोट डेस्कटॉप अशा सोयींनी पुण्यातला मुलगा गावातल्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर उघडतो आणि अडलेले काम करून देतो. आपल्या माणसाने आपल्या यंत्रावरून केले तर यात वावगे नाही. परंतु यात्रेत असताना सायबर कॅफेतून घरचा संगणक उघडण्याचा मोह आवरा. ईमेलचा पासवर्ड गेला तर एक खाते जाते. इथे घराची किल्लीच जाते. त्यापेक्षा घरी फोन लावून तिथल्या माणसाकडून काम करून घेतलेले बरे.

आणि याच सोयींचा दुसरा, फार वाईट उपयोग चालतो. फोन येतो, बँकेतून बोलतोय, तुमचे खाते बंद पडणार आहे, अमुक अ‍ॅप उतरवून घ्या आणि त्यात दिसणारा आकडा सांगा. तो आकडा सांगून पुढची परवानगी दिलीत, की तुमच्या फोनचा पडदा त्याच्या हाती गेला. ओटीपी तुमच्याआधी तोच वाचतो. एनीडेस्कच्या नावाने चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केले होते. अ‍ॅपचा यात दोष नाही. विळा कापणीलाही चालतो. पण बँक असे अ‍ॅप कधीही उतरवायला सांगत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः दुपारी एकट्या घरी असणाऱ्या वडीलधाऱ्यांना, पुन्हा पुन्हा सांगा.

राहता राहिला हरवलेला फोन. फोन गेल्याचे कळताच सोबत्याच्या फोनवरून प्रथम सिम बंद करवा, कारण ओटीपी त्यावर येतात. मग बँकेला कळवा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर १९३० या क्रमांकावर तात्काळ फोन करा. उशीर जितका कमी, तितके पैसे अडवले जाण्याचा संभव जास्त. त्यानंतर फोन शोधणे. गुगलची 'फाइंड हब' नावाची सोय आहे, २०२५ पर्यंत तिला 'फाइंड माय डिव्हाइस' म्हणत. तिथे फोन कुठे आहे ते दिसू शकते, त्याला दुरून कुलूप लावता येते, आतले सारे पुसताही येते. मात्र तिथे खाते उघडायला गेलो, की गुगल पुष्कळदा त्याच हरवलेल्या फोनवर खूण पाठवतो. विहिरीत पडलेली किल्ली काढायला विहिरीतच उतरावे लागते! यासाठी दोन टप्प्यांची सुरक्षा लावलेल्यांना गुगल दहा 'बॅकअप कोड' देतो. प्रत्येक आठ आकडी, आणि प्रत्येक एकदाच चालणारा. एकदाच चालत असल्यामुळे परक्या संगणकावर कुणी तो टिपला तरी त्याच्या कामाचा राहत नाही. पण पासवर्ड तिथे उमटलेला असतो, म्हणून तो नंतर बदलायचाच.

पोलिसांत तक्रार देऊन तिची पावती घ्या. त्या पावतीवर 'संचार साथी'च्या सरकारी संकेतस्थळावरून चोरीचा फोन देशभरातल्या नेटवर्कवर बंद करवता येतो. ही सोय २०२३ च्या मे महिन्यापासून सगळ्या देशासाठी खुली आहे. तिथे फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. फोनवर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश अशा कळा दाबल्या की तो पडद्यावर येतो. पण हे फोन हातात असतानाच करायचे काम आहे, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री करा.

त्याच रात्री एक कागद तयार करावा. त्यावर आयएमईआय क्रमांक, बॅकअप कोडांपैकी तीन-चार, बँकेचा आणि सिम कंपनीचा तक्रारीचा नंबर, १९३०, आणि घरच्या दोन माणसांचे नंबर हाताने लिहावेत. हल्ली स्वतःच्या मुलाचा नंबरही कुणाला पाठ नसतो. एक प्रत बंडीच्या आतल्या खिशात, दुसरी घरधनिणीच्या बटव्यात. बँकेचा पिन आणि खात्याचा पासवर्ड मात्र त्या कागदावर नको.